एअर पिस्तूलनंतर पंचवीस मीटर: मॅगझिन पुढे की मुठीत? लेकीसाठी पिस्तूल निवडायचंय

पन्हाळवाट

नमस्कार मंडळी. नेमबाजीतल्या जाणत्यांचा सल्ला हवा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मुलगी पंधरा वर्षांची आहे. तीन वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल खेळतेय. आम्ही सांगली जिल्ह्यातले, दर शनिवार-रविवार तिला कोल्हापूरला रेंजवर घेऊन जातो. दिवाळीनंतर सरांनी तिच्या हातात पहिल्यांदा क्लबचं पॉइंट २२ (०.२२ इंची गोळीचं) पिस्तूल दिलं. पहिल्या पाच गोळ्या मारून ती मागे वळली तेव्हा तिचा चेहरा बघूनच मला कळलं, आता ही पंचवीस मीटर सोडणार नाही.

तेव्हापासून घरात एकच विषय आहे, पिस्तूल कोणतं? समोर तीन वाटा आहेत. आमच्याच रेंजवरचे एक दादा नोकरीसाठी बाहेरदेशी चाललेत, ते त्यांचं वापरलेलं वॉल्थर जीएसपी काढणार आहेत. सर म्हणतात, थोडं थांबा आणि नवं पार्दिनी एसपी बघा. आणि रेंजवर एक ज्येष्ठ काका आहेत, त्यांच्याकडे हॅमर्ली २०८ आहे. ते म्हणतात, मुठीत मॅगझिन (गोळ्यांचा खण) असलेल्या पिस्तुलाचा तोल वेगळाच, मुलीला त्यावरच घडवा.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. हा खर्च आमच्यासाठी लहान नाही, एकदाच होईल. चूक झाली तर पैशापेक्षा तिची दोन वर्षं जातील याची धास्ती जास्त वाटते. तिन्ही पिस्तुलं सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारी), तिन्हींत एका वेळी पाचच गोळ्या भरायच्या, मग फरक नेमका कुठे पडतो? आणि तो कशावरून ओळखायचा?

तीन_सेकंद

काका, मी पुण्याची. बालेवाडीला सराव करते, पंचवीस मीटर खेळून सहा वर्षं झाली. मुलीला आधी शाबासकी सांगा.

पिस्तुलाच्या नावाकडे जाण्याआधी तिला नेमकं काय करायचंय ते बघू. आपल्या प्रकारात साठ गोळ्या असतात. पहिल्या तीस प्रिसिजन, पाच मिनिटांत पाच. इथे एअर खेळलेल्या मुलीला फारसं जड जात नाही. पुढच्या तीस रॅपिड. हात पंचेचाळीस अंशांवर खाली. सात सेकंद लाल दिवा, मग हिरवा लागतो आणि तीन सेकंद राहतो. त्या तीन सेकंदांत हात वर आणायचा, फ्रंट साइट (नळीच्या टोकावरचा खुंट) रिअरच्या, म्हणजे मागच्या साइटच्या, खाचेत बसलेली दिसली पाहिजे, आणि एकच गोळी सोडायची. पुन्हा हात खाली. असं पाच वेळा, अशा सहा सिरीज.

आता तीन सेकंदांचा हिशेब बघा. हात वर यायला दीड सेकंद जातो. हात वर येता येताच ट्रिगरचा पहिला टप्पा दाबून झालेला असतो. वर पोचल्यावर फ्रंट साइट खाचेच्या डावीकडे दिसली तर ती मध्ये आणायला वेळ उरत नाही. आणायला गेलं की मनगट वळतं आणि गोळी आठ गुणांच्या वर्तुळात जाते. म्हणून रॅपिडमध्ये पिस्तूल वर येतानाच सरळ आलं पाहिजे, आणि ते ठरतं ग्रीपवर, म्हणजे मुठीच्या लाकडावर.

एक गोष्ट करून बघा. क्लबचं पिस्तूल घ्या, ते रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागी) सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण, असू द्या, आणि हे रेंजवरच सरांसमोर करा. तिला डोळे मिटून हात वर आणायला सांगा. हात स्थिर झाला की डोळे उघडायचे. फ्रंट साइट कुठे दिसतेय ते तिनेच बोलायचं. दहा वेळा करा. दहापैकी सात-आठ वेळा ती एकाच बाजूला असेल तर ती ग्रीप तिच्या हाताची नाही.

जुना_नेम

पन्हाळवाट, तुमचा प्रश्न योग्य आहे. मी नाशिकचा, पस्तीस वर्षं या खेळात आहे, आता शिकवतो. मॅगझिन पुढे की मुठीत यावर थोडं लांब लिहितो, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

मुठीत मॅगझिन म्हणजे गोळ्यांचा खण हाताच्या आतून जातो. हॅमर्ली २०८, अमेरिकेतलं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१, रुगर, रशियन मार्गोलिन, ही सगळी त्या घरातली. दिसायला देखणी असतात आणि वजन हातावरच राहतं. अडचण अशी की मुठीची जाडी आणि कल मॅगझिन ठरवतं. लाकूड बाहेरून कितीही तासलं तरी आतला लोखंडी खण आहे तेवढाच राहणार. मोठ्या पंजाच्या पुरुषाला ते जाणवतही नाही. पंधरा वर्षांच्या मुलीचं बोट ट्रिगरपर्यंत पोचता पोचता मूठ बाजूला फिरते. मग बोटाच्या पेराच्या मधल्या मांसल भागाऐवजी टोकाने ट्रिगर ओढला जातो, आणि टोकाने ओढला की तो सरळ मागे न येता तिरका येतो.

पुढे मॅगझिन म्हणजे खण ट्रिगरच्या पुढ्यात. वॉल्थर जीएसपी, पार्दिनी एसपी, मोरिनी सीएम २२, फाइनवेर्कबाउ एडब्ल्यू ९३ ही त्यातली. इथे मूठ पूर्ण मोकळी होते. आत पोलादाचा एक अरुंद दांडा, त्याभोवती लाकूड हवं तसं कोरता येतं. लहान, मोठी, जास्त कलती, कमी कलती. शिवाय नळी हाताच्या जवळ, खाली बसवता येते, त्यामुळे गोळी सुटल्यावर तोंड कमी उसळतं. वजन पुढे जातं, ते स्थिर राहायला मदत करतं. पण त्याची किंमत मनगट मोजतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

या दोन घराण्यांत मोठ्या स्पर्धांमध्ये दुसऱ्याने पहिल्याला मागे टाकलं त्याला कारण हेच आहे. काकांचं २०८ उत्तम यंत्र आहे, त्याचा ट्रिगर काचेसारखा तुटतो, म्हणजे न घसरता एकदम सुटतो. मी स्वतः त्यावर वाढलो. पण ते त्यांच्या हाताचं आहे.

आता नियम. कोणतंही घ्या, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) मापात बसलं पाहिजे. ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन १४०० ग्रॅमच्या आत, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको, दोन्ही साइटमधलं अंतर २२० पेक्षा जास्त नको, आणि ट्रिगरने १००० ग्रॅम उचलले पाहिजेत, म्हणजे तेवढं वजन टांगूनही तो सुटता कामा नये. एअरला हेच ५०० असतात. म्हणजे तुमच्या लेकीच्या बोटाला एकदम दुप्पट ओझं आलंय. वापरलेलं पिस्तूल घेताना हे वजन तुमच्या डोळ्यांदेखत लावून बघा. एका मुलाचं पिस्तूल स्पर्धेच्या सकाळी तपासणीत वजन उचलेना. स्प्रिंग थकली होती. त्याने घाईत स्क्रू आवळला, वजन उचललं गेलं, पण ट्रिगर असा बदलला की दिवसभर त्याला तो ओळखीचा वाटला नाही.

डॅलसची_पायवाट

मी डॅलसजवळ राहतो, मूळचा सोलापूरचा. इथे बुल्सआय नावाचा एका हाताने खेळायचा प्रकार आहे, पन्नास आणि पंचवीस यार्डांवर. दहा मिनिटांत दहा गोळ्या संथ, मग वीस सेकंदांत पाच, मग दहा सेकंदांत पाच. जुना_नेम सरांनी मुठीतल्या मॅगझिनबद्दल लिहिलंय ते इथल्या अनुभवाशी जुळतं, तरी इथे निम्म्याहून जास्त लोक त्याच घरातली पिस्तुलं वापरतात. रुगरचं पहिलं पॉइंट २२ पिस्तूल १९४९ सालचं, आज त्याचं मार्क ४ मिळतं. स्वस्त, दणकट, सुटे भाग गल्लोगल्ली. मी त्यावरच शिकलो.

इथल्या दुकानात गेलं की वेगळाच प्रश्न विचारतात, स्ट्रायकर हवं, हॅमर हवं की डबल ॲक्शन? ग्लॉकसारख्या स्ट्रायकर पिस्तुलात बाहेर घोडा नसतो. आतली स्प्रिंग अर्धी ताणलेली असते आणि उरलेला ताण तुमचं बोट देतं, म्हणून ट्रिगर लांब आणि स्पंजासारखा लागतो. बेरेटा ९२ सारख्या डबल ॲक्शनमध्ये पहिली गोळी जड आणि लांब, दुसरीपासून हलकी आणि छोटी, म्हणजे एकाच मॅगझिनमध्ये बोटाला दोन सवयी. १९११ नावाच्या जुन्या अमेरिकन लष्करी पिस्तुलात ट्रिगर फक्त घोडा सोडतो, बाकी काही करत नाही. म्हणून शंभर वर्षांहून जुनी रचना असूनही पॉइंट ४५ च्या फेरीत लोक अजून १९११ च घेऊन उभे राहतात.

पन्हाळवाट, तुमच्या यादीतली तिन्ही याच शेवटच्या स्वभावाची, सिंगल ॲक्शन आहेत, त्यामुळे हा गुंता तुम्हाला नाही. पण हे लिहिलं कारण यूट्यूबवर ट्रिगरविषयी जे ऐकायला मिळतं ते बहुतेक कमरेला लावायच्या पिस्तुलांचं असतं. ते ज्ञान तुमच्या लेकीच्या खेळाला लावू नका.

सुभेदार_सातारा

जय हिंद. २४ वर्षं नोकरी केली. सैन्यात आमच्याकडे इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं ९ एमएम १ए पिस्तूल होतं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीचं, तेरा गोळ्यांचं. त्या रचनेत मॅगझिन काढलं की पिस्तूल चालत नाही, तशी आत एक कडी असते. ती कडी मॅगझिनच्या अंगावर घासते आणि ट्रिगर खरखरीत लागतो. आम्ही त्यावरच नेम शिकलो. पुढे युनिटच्या टीममधून पहिल्यांदा खेळाचं स्टँडर्ड पिस्तूल हातात आलं, तेव्हा पहिली गोळी माझ्या नकळत गेली. इतका फरक.

मुलीच्या बाबतीत माझं एकच सांगणं आहे. हत्यार कुठलंही घ्या, त्याची साफसफाई तिने स्वतः शिकली पाहिजे. पॉइंट २२ च्या गोळीला मेण असतं. त्याचा काळा थर चेंबरच्या तोंडाशी साचतो आणि गोळी पूर्ण आत बसत नाही. लोक मॅगझिनला दोष देतात. एका पिवळ्या फडक्यावर तो थर दिसला की कळतं.

हाडवैद्य

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नेमबाज नाही, पण नेमबाज मुलं माझ्याकडे येतात. साधारण एकच तक्रार असते, कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं किंवा खांद्याच्या पुढच्या बाजूला ओढ.

वजन एकूण किती यापेक्षा ते हातापासून किती पुढे आहे हे महत्त्वाचं. जीएसपी बाराशे ग्रॅमच्या जवळपास असतं असं वाचलं, आणि ते पुढे जड आहे असं इथे लिहिलंय. रॅपिडच्या तीस गोळ्या म्हणजे तीस वेळा तो भार खालून वर आणून थांबवायचा. सराव आणि मोकळ्या उचली धरल्या तर दिवसाला शंभर-दीडशे वेळा. पंधराव्या वर्षी उंची वाढत असते, स्नायू मागून येतात. मुलगी बारीक हाताची असेल तर पुढची वजनं काढता येतील असं पिस्तूल बघा. आणि पिस्तूल कोणतंही आलं तरी पहिले दोन महिने उचलींची संख्या हळूहळू वाढवा.

बागायतदार_निफाड

विषय थोडा वेगळा आहे, क्षमा असावी. माझ्याकडे बागेच्या रक्षणासाठी परवाना आहे, पॉइंट ३२ पिस्तूल घ्यायचा विचार आहे. इथे चर्चा झालेल्यांपैकी काही चालेल का?

जुना_नेम

बागायतदार, नाही. इथली पिस्तुलं रेंजवर एका हाताने कागदावर मारायची आहेत. ग्रीप एकाच हाताला कोरलेली असते, ट्रिगर हलका, खिशात-कमरेला ठेवायची रचनाच नाही. तुमच्या कामासाठी सरकारी आयुध कारखान्याच्या पॉइंट ३२ ची माहिती परवान्याच्या कार्यालयातून घ्या आणि वेगळा धागा काढा. हा धागा त्या मुलीसाठी राहू दे.

हाडवैद्यांनी मोलाचं सांगितलं. पुढच्या वजनाबद्दल मी पुढे लिहितो म्हणालो होतो ते हेच. जीएसपीवर किती पिढ्या घडल्या, ते साठच्या दशकाच्या अखेरीपासून आहे, पण त्याचं वजन पुढे आहे आणि ते फार कमी करता येत नाही. पार्दिनीत नळीभोवतीची वजनं काढता-घालता येतात. प्रिसिजनला माझे काही विद्यार्थी वजन घालून खेळतात, सरावातल्या रॅपिडला काढून. स्पर्धेत मात्र दोन्ही टप्प्यांना एकच ठेवण ठेवा, साइट बदलल्यासारखं वाटतं.

आणखी एक. एअर खेळून आलेल्या मुलांना एक सवय असते, गोळी सुटली तरी ट्रिगर दाबून धरायचा आणि लक्ष्याकडे बघत राहायचं. ती चांगली सवय आहे. पण एअरमध्ये दरवेळी नवी गोळी हाताने भरायची असते, त्यामुळे ट्रिगर कधी सोडला हे कुणी बघत नाही. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये ट्रिगर पूर्ण पुढे सोडला नाही तर पुढची गोळी सुटतच नाही. पंचांनी तपासलं आणि ट्रिगर पुरता सोडला नव्हता असं दिसलं तर ते नेमबाजाच्या माथी जातं, पिस्तुलाच्या नाही. म्हणून पिस्तूल घेताना ट्रिगर परत पुढे येताना बोटाला 'टिक' स्पष्ट लागतो का हे बघा. त्या टिकची आठवण बोटाला राहिली पाहिजे.

तीन_सेकंद

सर, हे मी माझ्या पहिल्या राज्यस्पर्धेत भोगलंय. स्टँडर्ड पिस्तूल प्रकारातली, दहा सेकंदांत पाच गोळ्यांची सिरीज, तिसऱ्या गोळीला पिस्तूल मुकं. मी घाबरून बोल्ट मागे ओढला. हात वर करून तसंच उभं राहायला हवं होतं, पिस्तुलाला हात न लावता. हात लावला की तक्रार संपली. तीन गोळ्या शून्य.

काका, मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हा प्रश्नही तुमच्यापुढे येईल. पार्दिनीत दोन्ही मिळतात. इलेक्ट्रॉनिकचा तुटण्याचा क्षण हजार वेळा सारखाच येतो, ते खरं सुख आहे. पण टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत मनू भाकरचं एअर पिस्तूल बिघडलं आणि दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तीच मनू पुढे पॅरिसला २०२४ मध्ये दोन कांस्य घेऊन आली आणि पंचवीस मीटरमध्ये चौथी राहिली. तिच्या पातळीला मागे पूर्ण पथक उभं असतं. आपल्या मुलीच्या मागे शनिवारी एसटीने येणारे बाबा असतात. पहिलं पिस्तूल मेकॅनिकल घ्या, जे सर स्वतः उघडून दुरुस्त करू शकतील.

कोकणवारा

अलिबागहून लिहितोय. दुरुस्तीच्या मुद्द्याला माझी साक्ष. मी काही वर्षांपूर्वी एक फारसं न दिसणारं युरोपियन पिस्तूल वापरलेलं घेतलं, स्वस्तात मिळालं म्हणून. पहिल्या मोसमातच फायरिंग पिनचं (गोळीवर आदळणाऱ्या खिळीचं) टोक तुटलं. विकणाऱ्याने सुटे भाग देतो म्हटलं होतं, ते कधी आले नाहीत. आठ महिने पिस्तूल कपाटात. तो पूर्ण मोसम मी क्लबच्या पिस्तुलावर काढला, आणि खरं सांगायचं तर त्या क्लबच्या पिस्तुलावर माझे गुण वाढले, कारण त्याची ग्रीप माझ्या हाताला बसत होती.

आमच्याकडे पावसाळ्यात लाकडी ग्रीप फुगते. जूनमध्ये नीट बसणारी मूठ ऑगस्टमध्ये अंगठ्याच्या मुळाशी टोचायला लागते. तेल लावून ठेवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि पेटीतला स्पंज दर आठवड्याला उन्हात वाळवा.

पन्हाळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. सुभेदार काकांचं वाचून तिने स्वतःच क्लबच्या पिस्तुलाचा चेंबर साफ करायला घेतला, आणि फडक्यावर खरंच काळं मेण आलं.

परवान्याचं विचारणारे काही निरोप आले, म्हणून एकदाच लिहितो. २१ वर्षांखालच्या मुलांना हत्यार बाळगण्याचा नेहमीचा परवाना मिळत नाही. सराव क्लबमध्ये, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच. मी माझ्या नावाने अर्ज करावा की अजून क्लबच्या हत्यारावरच राहावं, हे ठरत नाहीये. येत्या रविवारी सरांनी तिन्ही पिस्तुलं एकाच दिवशी तिच्या हातात द्यायचं कबूल केलंय. दादांचं जीएसपी, काकांचं २०८ आणि क्लबचं पार्दिनी. चाचणी कशी घ्यावी?

जुना_नेम

प्रिसिजनवरून ठरवू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक पिस्तुलावर प्रिसिजन चांगलीच जाते, कारण मुलं काळजी घेतात. प्रत्येक पिस्तुलाने तिला रॅपिडच्या चार सिरीज मारायला लावा, मध्ये वीस मिनिटं विश्रांती. गुण लिहूच नका. गोळ्या कुठे गेल्या ते कागदावर टिंबांनी काढा. आणि शेवटच्या सिरीजकडे लक्ष द्या. दमलेला हात खोटं बोलत नाही.

मोबाइलवर बाजूने व्हिडिओ घ्या, मनगट दिसेल असा.

डॅलसची_पायवाट

आणि गोळ्या एकाच डब्यातल्या असू द्या. पॉइंट २२ ला गोळ्यांची फार आवड-निवड असते, एकाच कंपनीचा वेगळा लॉट आला तरी कागदावरचा गोळ्यांचा गट फुटतो. तीन पिस्तुलांवर तीन प्रकारच्या गोळ्या दिल्या तर तुम्ही पिस्तूल तपासताय की गोळी, कळणार नाही.

पन्हाळवाट

रविवार झाला. जसं घडलं तसं लिहितो.

आधी काकांचं २०८. काका स्वतः शेजारी उभे राहिले, तिला मॅगझिन भरायला शिकवलं, गोळीची कड मागच्या कडेत अडकू नये म्हणून कशी बसवायची ते दाखवलं. ट्रिगर तिला फार आवडला, "बाबा, हा काचेसारखा आहे" म्हणाली. मी हा शब्द तिला मुद्दाम सांगितलेला नव्हता, इथलाच तिच्या लक्षात राहिला असेल. पण डोळे मिटून उचल केल्यावर फ्रंट साइट दहापैकी नऊ वेळा डावीकडे. काकांनी तिची मूठ बघितली. तळहात आणि लाकडाच्या मधे करंगळीच्या बाजूला बोटभर पोकळी होती. काकांनीच पिस्तूल परत घेतलं आणि म्हणाले, हे तुझं नाही बाळा.

मग जीएसपी. पहिल्या दोन सिरीज सुंदर. स्थिर. दादा खूश, मीही मनातून खूश, कारण तेच आमच्या खिशाला जवळचं होतं. तिसऱ्या सिरीजपासून टिंबं खाली घसरायला लागली. चौथीत पाचातल्या चार गोळ्या सहा वाजण्याच्या दिशेला, तीन तर आठच्या खाली. व्हिडिओत स्पष्ट दिसतं, हात वर येतो, थांबतो, आणि दिवा लाल व्हायच्या जरा आधी तोंड झुकतं. दादांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. विकायला आलेला माणूस असूनही तेच म्हणाले, हिला दोन वर्षांनी द्या, आत्ता नको.

शेवटी क्लबचं पार्दिनी, पुढची वजनं काढून. गट लहान नव्हता, पण चारही सिरीजमध्ये एकाच जागी होता. सगळा उजवीकडे वर. सरांनी साइट फिरवली नाही. त्यांनी तिचा तळहात लाकडावर ठेवून पेन्सिलने खुणा केल्या आणि म्हणाले, ग्रीप मध्यम आकाराची आहे, हिला लहान हवी. मूठ मागून फिरतेय म्हणून गोळ्या उजवीकडे जातात.

आता निर्णय. आम्ही सध्या पिस्तूल घेत नाही. फक्त ग्रीप घेतोय. लहान आकाराची, अक्रोडाची, क्लबच्या पार्दिनीला बसणारी. क्लबने परवानगी दिली आहे, तिच्या सरावाच्या वेळी आमची ग्रीप चढवायची, झालं की काढायची. एक स्क्रू. सहा महिन्यांनी हाताची वाढ आणि सिरीज बघून पुढचं ठरवू, तोवर माझा परवान्याचा अर्जही मार्गी लागेल.

तीन_सेकंद

काका, तुमचा निर्णय वाचून फार बरं वाटलं. माझंही पहिलं स्वतःचं काही असेल तर ती ग्रीपच होती. ग्रीप आली की लगेच तासू नका. आधी दोन आठवडे तशीच वापरू द्या, जिथे लाल वळ उठतो तिथेच सॅंडपेपर, आणि जिथे पोकळी तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरा. खालचा तळहाताचा टेकू घट्ट आवळू नका, कागदाची घडी सरकेल एवढी जागा ठेवा. रॅपिडमध्ये हातातला रक्तप्रवाह कमी-जास्त होतो, मूठ थोडी फुगते.

आणि तिला राही सरनोबत ताईंची २०१८ च्या आशियाई स्पर्धेची फायनल नक्की दाखवा. आपल्या कोल्हापूरच्या. थायलंडच्या मुलीशी ३४-३४ बरोबरी, पहिला शूटऑफ ४-४, दुसरा ३-२. प्रत्येक गोळीला हात खाली, हात वर, तोच वेग. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. आवाज बंद करून फक्त हात बघायला सांगा.

सुभेदार_सातारा

शाबास. त्या काकांना आणि त्या दादांना माझा नमस्कार सांगा. आपलं हत्यार नको म्हणणारी माणसं रेंजवर असणं हे भाग्य आहे.

जुना_नेम

ग्रीप आल्यावर पुन्हा त्याच चार सिरीज मारा आणि टिंबांचा कागद जुन्या कागदाशेजारी ठेवा. साइटला तोवर हात लावू नका. गट मध्ये सरकला तर ग्रीपने काम केलं. नाही सरकला तर ट्रिगरवरचं बोट बघू, ट्रिगरचं पातं पुढे-मागे सरकवता येतं. दोन्ही कागदांचे फोटो इथेच टाका.

पन्हाळवाट

टाकतो सर. ग्रीप पुढच्या आठवड्यात येतेय. लेकीने सॅंडपेपरचे तीन नंबर आणून ठेवलेत, ऐंशी, एकशेवीस आणि दोनशेवीस, आणि तळहातावरच्या पेन्सिलच्या खुणा पुसू नयेत म्हणून दोन दिवस उजव्या हाताने भांडीही घासली नाहीत.